शुद्धिपत्र

"शुद्ध हरपली होती का?" रात्रपाळीच्या डॉक्टरांनी विचारलेला पहिला प्रश्न हा होता.

"नाही," मी ठामपणे म्हणाले. ते उत्तर देताना मला फार हायसं वाटलं होतं. शुद्ध हरपली नाही म्हणजे विशेष काही झालं नाही, अशी माझी समजूत होती. डॉक्टरांचीही तशीच असावी, कारण पुढचे प्रश्न त्यांनी भराभर उरकले.

शुद्ध हा शब्द माझ्या रोजच्या कामातला. मी मुद्रितशोधन करते. पुस्तक छापायला जाण्याआधी त्यातल्या चुका वेचून काढायच्या, हे काम गेली एकवीस वर्षं करते आहे. शुद्ध, अशुद्ध, शुद्धलेखन, शुद्धिपत्र हे शब्द दिवसभर तोंडात असतात. पण बिनचूक असण्यालाही आपण शुद्ध म्हणतो आणि भानावर असण्यालाही शुद्धच म्हणतो, याकडे माझं तोवर कधी लक्ष गेलं नव्हतं.

झालं होतं ते असं. दुपारी कामाच्या ठिकाणी जिना उतरत होते. फरशी नुकतीच पुसलेली. शेवटून तिसऱ्या पायरीवर पाय सटकला, मी पाठीवर आपटले आणि डोक्याची मागची बाजू वरच्या पायरीच्या कडेवर आदळली. तो आवाज मी कानांनी नाही, आतून ऐकला. डोळ्यांपुढे काजवे चमकले. उठून बसले, चष्मा चाचपला, मग डोकं चाचपलं. रक्त नव्हतं, टेंगूळ आलं होतं. कोणीतरी पाण्याचा ग्लास पुढे केला. "फार नाही ना लागलं?" "नाही, नाही."

इथपर्यंत मला सगळं लख्ख आठवतं. यापुढचं इतरांनी सांगितलं म्हणून ठाऊक आहे. मी टेबलाशी जाऊन बसले. समोर एका पुस्तकाचे सातवा आणि आठवा असे दोन फर्मे होते, म्हणजे ९७ ते १२८ ही बत्तीस पानं. ती मी वाचून संपवली. शेवटच्या पानावर 'छपाईस हरकत नाही' असं लिहून सही केली, तारीख घातली आणि नेहमीच्या वेळेला घरी निघाले. कोणालाही काही वेगळं वाटलं नाही.

वेगळं वाटलं ते माझ्या मुलीला. मी तिला विचारलं, "तुझी परीक्षा कधीपासून आहे गं?" तिनं सांगितलं. थोड्या वेळानं पुन्हा विचारलं, तिनं पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर ती हातातलं काम टाकून माझ्याजवळ आली. "आई, तू हे तिसऱ्यांदा विचारतेयस." मला वाटलं, ही माझी मस्करी करतेय. तेव्हा तिनं वहीचं मागचं पान पुढे केलं. त्यावर तिनं वेळा टिपल्या होत्या : ७:१०, ७:२५, ७:४०. ती चौदा वर्षांची आहे. तिनं बाबांना फोन लावला आणि आम्ही तासाभरात दवाखान्यात होतो.

सीटी स्कॅन झाला. डोक्यात रक्तस्राव नाही, कवटीला तडा नाही. माझी शुद्ध मोजली गेली. ही मोजपट्टी ग्लासगोमधल्या टीसडेल आणि जेनेट या दोन डॉक्टरांनी १९७४ साली तयार केली. डोळे उघडणं, बोलणं आणि हातपाय हलवणं यांचे मिळून कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त १५ गुण. मला १५ पैकी १५ मिळाले. "सगळं नॉर्मल आहे. मुका मार आहे. उद्यापासून कामाला गेलात तरी चालेल," असं सांगून आम्हाला घरी पाठवलं.

त्या डॉक्टरांवर मी बरेच दिवस मनातून रागावलेले होते. आता राग निवळला आहे, पण ते शेवटचं वाक्य चुकीचंच होतं, असं मला आजही वाटतं. स्कॅन करणं बरोबर, रक्तस्राव नाही हे पाहणं बरोबर. त्यानं जिवावरचं संकट टळलं आहे हे कळलं. पण 'नॉर्मल' हा शब्द स्कॅनबद्दल होता आणि मी तो माझ्याबद्दल आहे असं धरून चालले.

दुसऱ्या दिवशी कामाला गेले. ट्यूबलाइटचा उजेड डोळ्यांत घुसत होता. पान समोर घेतलं तर ओळी हलायला लागल्या. आम्ही प्रूफ वाचताना ओळीखाली पट्टी धरतो आणि ओळ संपली की पट्टी खाली सरकवतो. त्या दिवशी पट्टी सरकवली की पुढच्या ओळीची सुरुवात सापडेना. एकच वाक्य चार-चार वेळा वाचलं. प्रत्येक शब्द कळत होता, वाक्य मात्र हाती लागत नव्हतं. दुपारपर्यंत मळमळून आलं. घरी आल्यावर मुलीच्या हातून एक चमचा फरशीवर पडला आणि मी तिच्यावर अशी ओरडले, की ती भिंतीला टेकून उभी राहिली. मग मीच रडायला लागले आणि रडणं थांबेना. असं मी कधी वागत नाही. त्या वेळी मात्र मला तेच बरोबर वाटत होतं. चमच्याचा आवाज खरोखरच असह्य होता, माझं रडणं अगदी रास्त होतं, आणि चूक असलीच तर ती सगळ्या जगाची होती.

मला या दुखण्याबद्दल सगळ्यात महत्त्वाचं सांगायचं आहे ते हेच. हात मोडला तर तो मोडला आहे हे मेंदूला कळतं. पोट बिघडलं तर बिघडलं आहे हे मेंदूला कळतं. पण मार मेंदूलाच बसला तर ते कोणाला कळायचं? ज्या मापानं मोजायचं तेच माप बिघडलेलं. 'मी ठीक आहे' हे माझं मत ज्या मेंदूनं दिलं, तो मेंदूच ठीक नव्हता.

दहाव्या दिवशी आम्ही दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. या बाईंनी खोलीतला दिवा मंद केला, खुर्ची जवळ ओढली आणि पहिला प्रश्न माझ्या मुलीला विचारला, "तुला आई कशी वाटते?" मला त्या क्षणी बरं वाटायला सुरुवात झाली, असं म्हणणं फार झालं. पण आपण योग्य माणसाकडे आलो, हे मात्र तेव्हा कळलं.

त्यांनी नाव सांगितलं : कन्कशन. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ जोरानं हलवणं. मेंदूला बसलेला हादरा. हे दुखणं काही आजचं नाही. सुमारे अकराशे वर्षांपूर्वी अर-राझी या वैद्यानं मेंदूची प्रत्यक्ष जखम आणि मेंदूचं काम काही काळ विस्कटून जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं नोंदवलं होतं. आपल्याकडचा 'मुका मार' हा शब्द मला आधी उडवाउडवीचा वाटला होता. आता तो मला फार नेमका वाटतो. खोक पडली, टाके घातले, प्लास्टर चढलं, तर ती दुखापत स्वतःच बोलते. या माराला वाचा नाही. त्याच्या वतीनं कोणीतरी बोलावं लागतं.

मेंदूचं वजन साधारण १३०० ते १४०० ग्रॅम, आणि हाताला लोण्यासारखा मऊ. तो कवटीच्या आत पाण्यात तरंगत असतो. मेंदूभोवतीचं आणि पाठीच्या कण्यातलं मिळून हे पाणी जेमतेम १५० मिलिलिटर भरतं. डोकं आपटतं तेव्हा कवटी थांबते आणि मेंदू पुढे जात राहतो. मला वाटायचं, मेंदू कवटीवर आपटतो आणि तेवढंच होतं. खरा घोटाळा गिरकीत आहे. १९४३ साली ऑक्सफर्डमधल्या होलबर्न नावाच्या भौतिकशास्त्रज्ञानं जिलेटीनचा मेंदू करून त्यावर प्रयोग केले. सरळ धक्क्यापेक्षा डोकं झटक्यात वळलं, फिरलं, तर आतला मऊ भाग जास्त पिळवटतो, असं त्याच्या लक्षात आलं. मेंदूतल्या पेशींना केसाहून कितीतरी बारीक लांब तंतू असतात. एक थर एका वेगानं आणि शेजारचा थर दुसऱ्या वेगानं फिरला, की ते तंतू ताणले जातात. हेल्मेट कवटी फुटण्यापासून वाचवतं आणि ते घातलंच पाहिजे, पण कवटीच्या आतली ही गिरकी ते पूर्णपणे थांबवू शकत नाही.

मुलीनं तिथेच विचारलं, "मग सुतारपक्ष्याचं काय?" डॉक्टरांना तो प्रश्न फार आवडला. इतकी वर्षं समज असा होता, की सुतारपक्ष्याच्या कवटीत धक्के शोषून घेण्याची सोय असते. २०२२ साली अँटवर्प विद्यापीठातल्या संशोधकांनी वेगवान कॅमेऱ्यानं सुतारपक्ष्यांचं चित्रण केलं, तेव्हा तसं काही आढळलं नाही. त्याचं डोकं घट्ट हातोडीसारखंच काम करतं. धक्का शोषला गेला, तर लाकूड फुटणार कसं? तो वाचतो, कारण त्याचा मेंदू फार लहान आहे. आपल्या मोठ्या मेंदूला ती सवलत नाही.

पण स्कॅनमध्ये हे का दिसलं नाही? कारण स्कॅन मेंदूची ठेवण दाखवतो, त्याचा कारभार दाखवत नाही. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा फक्त २ टक्क्यांच्या आसपास, पण शरीराची सुमारे २० टक्के ऊर्जा तो एकटा वापरतो. तंतू ताणले गेले, की पेशींच्या आवरणातून पोटॅशियम बाहेर निसटतं आणि कॅल्शियम आत शिरतं. ते जागच्या जागी आणण्यासाठी प्रत्येक पेशी आपले पंप जोरात चालवते. त्यासाठी भरपूर इंधन लागतं, आणि नेमका त्याच वेळी मेंदूचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो. गिझा आणि होव्हडा या संशोधकांनी २००१ साली हा सगळा क्रम सविस्तर मांडला. हे ऐकल्यावर माझी सकाळ आणि संध्याकाळ यांच्यातला फरक मला उमगला. सकाळी दोन पानं वाचता यायची आणि त्याच पानांवर संध्याकाळी डोळे ठरत नसत. यात आळस नव्हता आणि मनाचा कमकुवतपणाही नव्हता. इंधनच संपत होतं.

मग मी त्यांना तो प्रश्न विचारला, "पण माझी शुद्ध तर हरपली नव्हती!"

बहुतेक कन्कशनमध्ये ती हरपतच नाही, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी शांतपणे विचारलं, "पडल्यानंतर काय काय केलंत, ते सांगा." मी सांगायला लागले. पायरी, काजवे, पाण्याचा ग्लास. पुढे माझ्याकडे काही नव्हतं. त्या दुपारचे तीन तास माझ्याजवळ नाहीत. मी टेबलाशी बसले होते, माणसांशी बोलत होते, सही करत होते, आणि तरी त्यातलं काहीच आत कुठे नोंदलं गेलं नव्हतं. डोळे उघडे असताना, बोलता-चालता माणसाची थोडीशी शुद्ध अशीही हरपते.

डोक्याला मार लागला की काय पाहायचं, हे प्रत्येकाला माहीत असायला हवं, म्हणून इथेच सांगते. डोकेदुखी वाढतच चालली, वारंवार उलट्या झाल्या, झोपलेलं माणूस हलवूनही नीट जागं होईना, फिट आली, एका डोळ्याची बाहुली दुसऱ्यापेक्षा मोठी दिसली, बोलणं अडखळलं, हात किंवा पाय लुळा वाटला, नाकातून किंवा कानातून पाण्यासारखा द्रव आला, तर एक मिनिटही न दवडता दवाखाना गाठायचा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर यातलं काही दिसण्याची वाटही पाहू नये. पहिल्या रात्री मुलीनं मला दर तासाला हलवून जागं केलं, कारण 'डोक्याला लागलं की झोपू द्यायचं नाही' असं तिनं कुठेतरी ऐकलं होतं. तिची माया होती ती. पण डॉक्टरांनी तपासून घरी पाठवलं असेल आणि त्यांनी उठवायला सांगितलं नसेल, तर झोपू द्यावं. मेंदूला झोपेची गरज असते.

आता विश्रांतीबद्दल. इथे मी स्वतःच्या अकलेनं मोठी चूक केली होती. पहिल्या दिवशी कामाला जाऊन हाल झाले, म्हणून मी दुसऱ्या टोकाला गेले. पडदे ओढले, दार लावलं आणि आठवडाभर अंधारात पडून राहिले. बोलणं नाही, चालणं नाही, काही नाही. पूर्वी डॉक्टरही असंच सांगत. अंधारात दिवस जाता जात नाही. डोक्यातली प्रत्येक कळ मोजली जाते. आठवड्यानं मी बाहेर आले, ती जास्त अशक्त आणि जास्त घाबरलेली.

या बाबतीत डॉक्टरांचं मत गेल्या दहा-पंधरा वर्षांत बदललं आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात कन्कशन झालेल्या ११ ते २२ वर्षांच्या मुलांचे दोन गट केले होते. एका गटाला पाच दिवस कडक विश्रांती, दुसऱ्याला एक-दोन दिवस विश्रांती आणि मग हळूहळू नेहमीचं जगणं. कडक विश्रांती घेतलेल्या मुलांनी त्रास जास्त नोंदवला. पुढे २०१९ साली जॉन लेडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किशोरवयीन खेळाडूंवर केलेल्या अभ्यासात, त्रास वाढणार नाही इतपतच हलका व्यायाम करणारी मुलं साधारण १३ दिवसांत बरी झाली, आणि फक्त अंग ताणण्याचे (स्ट्रेचिंगचे) व्यायाम करणाऱ्यांना १७ दिवस लागले. २०२२ साली ॲमस्टरडॅमला या विषयावरच्या तज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद झाली. तिचाही सल्ला हाच, की पहिले २४ ते ४८ तास जपून राहा, पण अंधारात कोंडून घेऊ नका, आणि मग चालायला लागा. त्या दोन दिवसांत फोन आणि टीव्ही मात्र खरोखर बाजूला ठेवावा. पहिले ४८ तास पडद्यापासून दूर राहिलेले तरुण साधारण साडेतीन दिवसांत बरे झाले आणि पडदा पाहणाऱ्यांना आठ दिवस लागले, असं २०२१ सालच्या एका अभ्यासात आढळलं. मी अंधारात पडून काय करत होते? उशाशी फोन घेऊन 'डोक्याला मार लागल्यावर काय होतं' हेच वाचत होते.

माझा उपचार म्हणजे चालणं. पहिल्या दिवशी दहा मिनिटं. नियम सोपा होता. चालण्याआधी त्रासाला दहापैकी गुण द्यायचे आणि चालताना ते दोनाहून जास्त वाढले की थांबायचं. आधी ३ असतील, तर ५ पर्यंत चालेल, ६ झाले की परत फिरायचं. हे गुण मी तोंडानं सांगायचे आणि लिहायची मुलगी, त्याच वहीत, त्याच मागच्या पानांवर. कारण मला आठवायचं नाही, आणि आठवलं तरी मी ते कमी करून सांगायचे. एकदा मी म्हणाले, "आज चारच आहे." ती म्हणाली, "आई, तू भुवया आवळल्यायस." आणि तिनं ६ लिहिले. मला राग आला होता. दहा मिनिटांनी मी डोकं धरून बसले होते.

डोळ्यांचं आणि तोलाचं वेगळं प्रकरण होतं. आपण मान वळवतो तेव्हा समोरचं चित्र स्थिर राहावं, म्हणून कान आणि डोळे यांच्यात एक ताळमेळ असतो. माझा तोच बिघडला होता. फिजिओथेरपिस्टनी कागदावर मोठा 'क' काढला आणि भिंतीवर हातभर अंतरावर लावला. नजर त्या 'क'वर ठेवायची आणि मान डावी-उजवीकडे हलवायची. अक्षर हललेलं दिसता कामा नये. ज्या अक्षरांच्या जिवावर मी एकवीस वर्षं पोट भरलं, त्यातलं एक अक्षर वीस सेकंद जागेवर धरून ठेवणं मला जमेना. त्याचा दंड दुभंगायचा, त्याची गोलाई डावीकडे सांडायची. मळमळ यायची. तरी रोज तीन वेळा मी त्या 'क'पुढे उभी राहायचे. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी तो हलला नाही. मी मान आणखी जोरात हलवली. तो तिथेच होता, काळाभोर, ठाम, दंडासकट. कितीतरी दिवसांनी मला एवढा आनंद झाला होता.

अंथरुणात कुशीवर वळलं की खोली गरागरा फिरायची, ते तर कन्कशन नव्हतंच. आतल्या कानात चुन्याचे अगदी बारीक कण असतात, ते माराने जागचे सुटून भलत्या नळीत जाऊन बसले होते. डॉक्टरांनी मला आडवं केलं, डोकं एका ठराविक क्रमानं वळवलं आणि ते कण परत जागेवर आणले. दहा मिनिटांचं काम. त्या दहा मिनिटांसाठी मी कित्येक दिवस भिंत धरून चालले होते. म्हणून सांगते, 'मारच आहे, होईल बरं' म्हणून सगळं एकाच नावाखाली ढकलू नये. मान, कान, डोळे, झोप, मन, एकेक सुटं करून कोणाला तरी दाखवावं.

बरं होण्याचा काळ सांगताना डॉक्टर सहसा दोन आठवडे ते महिना सांगतात आणि बहुतेकांच्या बाबतीत ते खरं ठरतं. काही जणांना त्याहून जास्त लागतो. मला चार महिने लागले. वैद्यकात माझ्यासारख्या दुखापतीला 'सौम्य' म्हणतात, ग्लासगोच्या मोजपट्टीवर १३ ते १५ गुण असले की सौम्य. हा शब्द जिवाला धोका किती यावरून ठरलेला आहे. त्या चार महिन्यांत घरात काय चाललं होतं, ते त्या शब्दात मावत नाही. माणसं भेटायला यायची आणि म्हणायची, "काही झाल्यासारखं वाटत नाही हं तुला बघून." ती प्रेमानंच म्हणायची. ती गेल्यावर मी तासभर उशीत डोकं खुपसून पडायचे.

'मी ठीक आहे' या वाक्यावर माझा विश्वास उरला नाही, तो फक्त माझ्या बाबतीत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये लॉर्ड्सवरच्या कसोटीत जोफ्रा आर्चरचा चेंडू स्टीव्ह स्मिथच्या मानेवर बसला. तो ८० वर खेळत होता. मैदानाबाहेर त्याच्या तपासण्या झाल्या, त्यांत काही आढळलं नाही आणि तो परत येऊन ९२ पर्यंत पोचला. लक्षणं दुसऱ्या दिवशी दिसली. त्याला सामन्यातून बाहेर काढलं आणि त्याच्या जागी मार्नस लाबुशेन आला, कसोटी क्रिकेटमधला पहिला कन्कशन-बदली खेळाडू. तो नियम लागू होऊन महिनाही झाला नव्हता. जगातले उत्तम डॉक्टर हाताशी असताना, सगळ्या तपासण्या करूनही, हे दुखणं एक रात्र लपून राहू शकतं.

मुलांच्या बाबतीत हे लपणं जास्त भयंकर. पहिला मार बरा होण्याआधीच दुसरा लागला, तर क्वचित मेंदूला झपाट्यानं सूज येते आणि त्यात प्राणही जाऊ शकतो. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात २००६ साली झॅकरी लिस्टेड हा तेरा वर्षांचा मुलगा अमेरिकन फुटबॉल खेळताना डोक्यावर आपटला. थोडा वेळ बाहेर बसून तो त्याच सामन्यात पुन्हा उतरला आणि शेवटी मैदानावरच कोसळला. तो वाचला, पण पुन्हा बोलायला, उभं राहायला शिकण्यात त्याची वर्षं गेली. २००९ साली त्याच्या नावानं तिथे कायदा झाला : कन्कशनची शंका आली, तरी मूल खेळातून बाहेर, आणि डॉक्टरांनी लेखी दिल्याशिवाय परत मैदानात नाही. मूल रडेल, रुसेल, 'मला काही झालेलं नाही' म्हणेल. तेव्हा त्याचं न ऐकणं हे मोठ्यांचं काम आहे. माझ्या मुलीनं माझं ऐकलं नाही, म्हणून मी वेळेत दवाखान्यात पोचले.

पाचव्या महिन्यात मी पूर्ण वेळ कामाला लागले. टेबलावर नव्या पुस्तकांचा गठ्ठा होता आणि त्यात ते पुस्तकही होतं, माझ्या सहीनं छापायला गेलेलं. बरेच दिवस ते उघडलं नाही. मग एका दुपारी पट्टी आणि लाल पेन घेऊन बसले आणि पान ९७ काढलं.

अकरा चुका निघाल्या. 'दीन' म्हणायचं तिथे 'दिन' होतं. एका ठिकाणी 'नाही' गळालं होतं आणि लेखकाच्या म्हणण्याचा अर्थ उलटा झाला होता. पान ११६ वर एक ओळ लागोपाठ दोनदा छापली होती. ती ओळ मी बराच वेळ बघत बसले. मला मुलीच्या हातातली वही आठवली, ७:१०, ७:२५, ७:४०. शेवटच्या पानाची झेरॉक्स मागवून घेतली. सही माझीच होती. कापरी नाही, तिरपी नाही, एरवी असते तशी रेखीव. त्या सहीवरून कोणालाही काही कळलं नसतं.

दुसऱ्या आवृत्तीसाठी मी शुद्धिपत्र करायला घेतलं. चार रकाने आखले : पृष्ठ, ओळ, अशुद्ध, शुद्ध. अकरा नोंदी लिहिल्या, दोनदा ताडून पाहिल्या. पूर्वी मी एवढ्यावर कागद पुढे पाठवला असता. या वेळी ती बत्तीस पानं घरी नेली आणि मुलीपुढे ठेवली. तिला पट्टी दिली. ती खाली मान घालून वाचत होती, अक्षराखाली पट्टी सरकवत, माझ्यापेक्षा कितीतरी सावकाश. मी समोर बसून होते.

अर्ध्या तासानं तिनं लाल पेन मागितलं आणि माझ्या अकराव्या नोंदीखाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं : पृष्ठ १२१, ओळ ४.